सोसायटीचा जनरेटर महागला, पण खरी कसरत कारखान्यात झाली : जुनं इंजिन चालू ठेवून नवं कसं आणतात?

गेल्या दोनेक वर्षांत तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ फिरली असण्याची बरीच शक्यता आहे. जनरेटरचं कोटेशन. त्याखालचा पहिला मेसेजही ठरलेला, "एवढे? शेजारच्या बिल्डिंगने तर खूप कमी दिले होते." मग कुणी डीलरवर संशय घेतं, कुणी सेक्रेटरीवर, आणि विषय पुढच्या मीटिंगवर जातो.

यात डीलर आणि सेक्रेटरी दोघंही बहुतेक वेळा निर्दोष असतात. शेजारच्या बिल्डिंगने घेतलेलं मशीन आणि तुम्हाला मिळणारं मशीन यांच्यावर कंपनीचं नाव तेच आहे, केव्हीएचा आकडाही तोच आहे. पण आतलं इंजिन वेगळं आहे. मधल्या काळात प्रदूषणाचा नियम बदलला, आणि देशातल्या प्रत्येक जनरेटर कंपनीला आपला वर्षानुवर्षं चालणारा माल बंद करून नवा आणावा लागला. तोही दुकान एक दिवसही बंद न ठेवता.

ही गोष्ट बातम्यांमध्ये फक्त 'किमती वाढल्या' एवढीच आली. पण नवं मशीन आणताना जुन्याचं काय करायचं, हा यंत्र बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्याचा कायमचा प्रश्न आहे, आणि या नियमामुळे तो एकदम उघड्यावर आला. जरा खोलात जाऊन बघूया.

नियम नेमका काय बदलला?

जनरेटरच्या धुरावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, म्हणजे सीपीसीबीचे निकष लागतात. २०१४ पासून 'सीपीसीबी-२' निकष होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्या निकषांची अधिसूचना निघाली, नाव 'सीपीसीबी-४ प्लस'. (तिसरा टप्पा कुठे गेला? तो गाळला. गाड्यांच्या बाबतीत बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर उडी मारली होती, तसंच.) १ जुलै २०२३ पासून नवा नियम लागू झाला, आणि जुन्या पद्धतीच्या सेटच्या विक्रीला ३० जून २०२४ पर्यंत मुदत मिळाली. हा नियम ८०० किलोवॅटपर्यंतच्या इंजिनांना लागतो.

आता आकडे बघा, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

८ किलोवॅटपर्यंतच्या छोट्या इंजिनांना जवळपास काहीच बदललं नाही. काजळीच्या कणांची मर्यादा आधीही ०.३० ग्रॅम प्रति किलोवॅट-तास होती, आताही तेवढीच आहे. १९ ते ५६ किलोवॅटमध्ये नायट्रोजन ऑक्साइड आणि हायड्रोकार्बन यांची एकत्रित मर्यादा ४.७ ग्रॅमच राहिली, पण काजळीची मर्यादा ०.३ वरून ०.०३ वर आली. थेट दहावा भाग. आणि ७५ किलोवॅटच्या वरच्या मोठ्या इंजिनांना दोन्हीकडून धरलं. ५६० किलोवॅटपर्यंत काजळी ०.२ वरून ०.०२, आणि आधी नायट्रोजन ऑक्साइड व हायड्रोकार्बन मिळून ४.० ग्रॅम चालायचे, तिथे आता नायट्रोजन ऑक्साइड एकट्याला ०.४० ग्रॅमच.

म्हणजे सरकारी कागदावर नियम एक, पण कारखान्यात त्याची तीन वेगवेगळी कामं झाली. छोट्या इंजिनात जुन्याचीच किरकोळ दुरुस्ती. मधल्यात इंधन जाळण्याची पद्धत बदलायची, म्हणजे साध्या पंपाच्या जागी संगणकावर चालणारी कॉमन रेल यंत्रणा आणायची किंवा धुरावर प्रक्रिया करायची. आणि मोठ्यात जवळजवळ नवीन मशीन : ईसीयू, सेन्सर, धुराच्या पाइपवर उत्प्रेरक, काजळी अडवणारा फिल्टर, आणि युरियाचं द्रावण फवारून नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन व पाण्यात रूपांतर करणारी एससीआर यंत्रणा. कोणत्या इंजिनाला यातलं नेमकं काय लावायचं हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते.

कारखान्यात 'नवीन' आणि 'चालू' असे दोन संसार असतात

पुणे परिसरात, कोल्हापूरला, नाशिकला इंजिनाशी संबंधित कारखान्यात कुणी नातेवाईक असेल तर विचारून बघा. ते सांगतील की डिझाइन विभागात दोन प्रकारची माणसं बसतात.

एका बाजूला नवीन प्रॉडक्टवाले. त्यांच्याकडे प्रोजेक्ट मॅनेजर असतो, बजेट असतं, दर महिन्याला मोठ्या साहेबांसमोर आढावा असतो. कल्पना, डिझाइन, पहिला नमुना, टेस्ट बेडवर शेकडो तास चालवणं, मग एआरएआयसारख्या संस्थेकडून प्रमाणपत्र, मग डाय आणि फिक्स्चर, मग छोटा पायलट लॉट, मग बाजार. प्रत्येक टप्प्यावर एक गेट. गेट उघडलं तरच पुढचे पैसे.

दुसऱ्या बाजूला चालू प्रॉडक्टवाले. यांच्या कामाला धड नावही नसतं. एका व्हेंडरने कास्टिंग बंद केलं, दुसरा शोधा. बेअरिंगच्या तक्रारी येतायत, का ते बघा. हॉस्पिटलवाल्यांना सायलेन्सर उलट्या बाजूला हवाय, ड्रॉइंग बदला. किमतीतून काही रुपये कमी करा. असे बदल ज्या कागदावर होतात त्याला ईसीएन म्हणतात, आणि एका जुन्या इंजिनाच्या नावावर अशा ईसीएनची मोठी थप्पी असते. प्रत्येक बदल छोटा. पण त्या थप्पीमुळेच ते इंजिन आज बिनतक्रार चालतंय.

व्यवस्थापनाच्या पुस्तकात हे दोन्ही वेगळे प्रकल्प असतात, त्यांची टीम वेगळी, त्यांचे निकष वेगळे. प्रत्यक्षात मात्र काही गोष्टी सामायिक असतात आणि गाडी तिथेच अडते. टेस्ट बेड तेच. अवघड प्रश्न सुटतो तो ज्या दोन-तीन अनुभवी माणसांमुळे, ती माणसं तीच. व्हेंडर तेच.

टेस्ट बेडचा हिशेब तर कागदावर करून बघण्यासारखा आहे. समजा एका इंजिनावर हजार तासांची टिकाऊपणाची चाचणी घ्यायची आहे. रात्रंदिवस, एकही बिघाड न होता चालवलं तरी एक बेड जवळपास ४२ दिवस अडकला. मध्येच काही तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. आता अशा इंजिनांची आठ-दहा कुटुंबं एकाच तारखेसाठी तयार करायची असतील तर? आणि त्याच वेळी चालू इंजिनाच्या उत्पादनाची दरवर्षीची सरकारी तपासणीही चुकवता येत नाही.

तारीख जवळ आली की जुन्याचीच मागणी वाढते

हा भाग बाहेरून लक्षात येत नाही. आपल्याला वाटतं नवा नियम येतोय म्हणजे जुना माल पडून राहणार. होतं उलटं.

नवं मशीन महाग असणार हे गिऱ्हाइकाला कळतं. त्यात काय काय बिघडेल याचीही धाकधूक असते. मग बिल्डर, हॉस्पिटलं, कारखानदार, सगळे शेवटच्या तारखेआधी जुनंच घेऊन ठेवतात. याला उद्योगात 'प्री-बाय' म्हणतात. सीपीसीबी-४ प्लसच्या वेळी कंपन्यांनी गुंतवणूकदारांशी बोलताना हा शब्द वारंवार वापरला. 

आता कारखान्याच्या बाजूने बघा. ज्या महिन्यांत नव्या इंजिनासाठी सगळ्यात जास्त माणसं लागतात, नेमक्या त्याच महिन्यांत जुन्याच्या ऑर्डरी तुफान येतात. विक्री विभाग म्हणतो, लाइन थांबवू नका. त्यांचंही बरोबर आहे, कारण नव्या इंजिनाचा सगळा खर्च जुन्या इंजिनाच्या नफ्यातूनच निघतोय. मग तारीख उलटते. मागणी खाली येते, कारण ज्यांना हवं होतं त्यांनी आधीच घेतलंय. आणि नवी लाइन मात्र पूर्ण खर्चासह उभी असते.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात कमी बोललं गेलं ते याच चढ-उताराबद्दल. मोठ्या कंपनीचा ताळेबंद तो सोसतो. तिला पार्ट देणाऱ्या छोट्या युनिटचं तसं नसतं.

कोल्हापूरजवळ शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीजचं उदाहरण घ्या. इंजिन आणि पंपांसाठी कास्टिंग ओतणं हा तिथला जुना धंदा. जुन्या सिलिंडर हेडचा पॅटर्न तयार आहे, ओतणाऱ्या कामगाराच्या हाताला त्याची सवय आहे, किती माल खराब निघेल हेही माहीत आहे. नव्या हेडचा पॅटर्न वेगळा, मापं जास्त काटेकोर, आणि सुरुवातीची ऑर्डर छोटी. जुन्याची ऑर्डर शेवटचे काही महिने दुप्पट होऊन अचानक बंद पडणार असेल, तर या माणसाने नवीन मशीनसाठी कर्ज काढायचं की जादा पाळी लावायची? हा निर्णय त्याला कंपनीच्या आतल्या तारखा ठाऊक नसताना घ्यावा लागतो. शिवाय नव्या इंजिनात किमतीचा मोठा वाटा ईसीयू, इंजेक्टर आणि फिल्टरकडे जातो. तो माल बॉशसारखे मोजकेच मोठे पुरवठादार देतात. फाउंड्रीच्या वाट्याचा तुकडा एकूण मशीनच्या तुलनेत लहान होतो.

नव्याच्या नादात हात पोळलेली कंपनी

नवं इंजिन वेळेत आणणं म्हणजे नुसतं डिझाइनचं काम, असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या नेव्हिस्टारची गोष्ट बघा.

अमेरिकेत २०१० मध्ये ट्रकच्या डिझेल इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडचे कडक निकष आले. बाकी जवळपास सगळ्यांनी युरियावाली एससीआर यंत्रणा स्वीकारली. कॅटरपिलरसारख्या दिग्गजाने तर २००८ मध्येच जाहीर करून टाकलं की आम्ही ट्रकच्या इंजिनांमधून बाहेर पडतोय. नेव्हिस्टारने मात्र वेगळी वाट धरली. युरिया नको, धूरच पुन्हा इंजिनात फिरवून, म्हणजे ईजीआरवर, निकष गाठू. कागदावर कल्पना आकर्षक होती. ड्रायव्हरला वेगळी टाकी भरायची कटकट नाही.

पण निकष काही गाठता येईनात. कंपनीने आधी साठवलेली प्रदूषणाची क्रेडिट वापरून दिवस काढले. ती संपत आली तेव्हा २०१२ च्या सुरुवातीला पर्यावरण खात्याने प्रत्येक इंजिनामागे दंड भरून विकण्याची सोय दिली. स्पर्धक कोर्टात गेले आणि जून २०१२ मध्ये कोर्टाने ती सोय रद्द केली. पुढच्याच महिन्यात नेव्हिस्टारने एससीआरकडे वळत असल्याचं जाहीर केलं, आणि त्यासाठी मदत घेतली ती प्रतिस्पर्धी कमिन्सची. ऑगस्टमध्ये सीईओ पायउतार झाले.

या गोष्टीचा आपल्याशी संबंध आहे. त्याच काळात चाकणमध्ये महिंद्रा आणि नेव्हिस्टार मिळून ट्रक बनवत होते. २०१२ च्या अखेरीस महिंद्राने नेव्हिस्टारचा हिस्सा विकत घेण्याचं जाहीर केलं.

नेव्हिस्टारची तांत्रिक निवड चुकली असं म्हणून हा विषय संपवता येतो. पण एक गोष्ट जास्त बोचते. चालू प्रॉडक्टमध्ये एखादी गोष्ट फसली तर मागे यायला जागा असते, जुनं ड्रॉइंग कपाटात असतं. इथे जुनं इंजिन विकणं कायद्याने बंद होणार होतं, आणि दुसरा पर्याय समांतर तयार ठेवलेला नव्हता.

जुन्या मशीनला जे माहीत असतं

पुन्हा आपल्या सोसायटीच्या जनरेटरकडे येऊ. नवं इंजिन लॅबमध्ये पास होतं आणि सोसायटीत रुसतं, असं का होतं?

आपल्याकडे जनरेटर गरजेपेक्षा मोठा घ्यायची पद्धत आहे. पुढे लोड वाढेल, असू दे. प्रत्यक्षात लाइट गेल्यावर एक लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे चालतात. म्हणजे इंजिन आपल्या ताकदीच्या अगदी थोड्या भागावर पळतं. जुन्या यांत्रिक इंजिनाने हे मुकाट्याने सहन केलं, फार तर काळा धूर सोडला. नव्या मोठ्या इंजिनात काजळीचा फिल्टर असेल तर त्यात अडकलेली काजळी जाळायला धूर पुरेसा गरम लागतो. कमी लोडवर तो तापत नाही. फिल्टर तुंबत जातो.

दुसरी गोष्ट युरियाच्या द्रावणाची, ज्याला बाजारात डीईएफ म्हणतात. ट्रकमध्ये ते भराभर संपतं. सोसायटीत जनरेटर महिन्यातून काही तासच चालत असेल तर ते टाकीतच जुनं होतं. साठवणुकीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ३० अंशांपर्यंतच्या तापमानात ते साधारण वर्षभर टिकतं, ३५ अंशांपर्यंत गेलं की सहा महिने. नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात बेसमेंटबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या सेटचा विचार करा.

या दोन्ही गोष्टी कुणाला आधीपासून माहीत होत्या? सर्व्हिस इंजिनिअरला. जो गेली पंधरा वर्षं गावोगाव फिरून जुनी इंजिनं दुरुस्त करतोय त्याला. गिऱ्हाईक मशीन कसं वापरतं, कुठे ठेवतं, किती दिवस बंद ठेवतं, ही माहिती चालू प्रॉडक्टच्या तक्रार-वहीत असते. नवीन प्रॉडक्टच्या गेट-मीटिंगमध्ये ती पोचते का, यावर नवं मशीन बाजारात कसं चालेल हे बऱ्याच अंशी ठरतं. पण करिअरच्या दृष्टीने हुशार मुलं नव्या प्रोजेक्टकडे धावतात आणि चालू प्रॉडक्ट हा 'मागे राहिलेल्यांचा' विभाग मानला जातो. बढती लॉन्चला मिळते. न आलेल्या तक्रारीला मिळत नाही.

तुम्ही कमिटीवर असाल आणि नवा सेट घेत असाल, तर किमतीच्या घासाघिशीआधी विचारायचे प्रश्न इथूनच निघतात. आमचा खरा लोड किती, आणि त्या लोडवर हे इंजिन नियमित चालेल का? यात डीईएफ लागतं का, लागत असेल तर किती दिवसांनी बदलायचं? फिल्टर असेल तर तो साफ करायला लोड कसा द्यायचा? ईसीयूत बिघाड दिसला तर लॅपटॉप घेऊन येणारा माणूस आमच्या तालुक्यात आहे का? आधी गल्लीतला मेकॅनिक पाना घेऊन काम भागवायचा, तो आता यातल्या बऱ्याच गोष्टींना हात लावू शकत नाही. आणि कदाचित तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा लहान सेट पुरेल. त्यातून किमतीतला थोडा फरकही भरून निघेल.

एकच तारीख, की टप्प्याटप्प्याने?

युरोपात 'स्टेज-५' निकष आणताना सगळी इंजिनं एकाच दिवशी बदलायला लावली नाहीत. ५६ किलोवॅटच्या खालची आणि १३० च्या वरची इंजिनं २०१९ मध्ये, मधली २०२० मध्ये. शिवाय आधी बनलेलं इंजिन मशीनमध्ये बसवायला १८ महिने आणि ते मशीन विकायला २४ महिने, असं आधीच लिहून दिलेलं होतं. (कोविडमुळे तिथेही काही मुदत वाढली.) टेस्ट बेड आणि माणसं मोजकी असतात हे गृहीत धरूनच ते वेळापत्रक केलं होतं.

आपल्याकडे जनरेटरला वर्षभराची विक्रीची मुदत मिळाली, तेवढं बरं झालं. पण इतर यंत्रांच्या तारखांचा इतिहास बघा. जेसीबी-पोकलेनसारख्या बांधकाम यंत्रांचा पाचवा टप्पा एप्रिल २०२४ वरून जानेवारी २०२५ वर गेला. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरचा चौथा टप्पा ऑक्टोबर २०२० वरून ऑक्टोबर २०२१, मग एप्रिल २०२२, मग जानेवारी २०२३.

तारीख पुढे गेली की सगळ्यांना हायसं वाटतं असा समज आहे. ज्या कंपनीने वेळेत नवं इंजिन तयार केलं, तिची लाइन आणि कर्जाचं व्याज तारखेची वाट बघत बसतं. जी तयार नव्हती ती जुनंच विकत राहते. दोन-तीनदा असं झालं की पुढच्या वेळी शहाणी कंपनीही म्हणते, थांबू या, तारीख हलेलच. माझं मत विचाराल तर तारीख कडक असावी पण टप्प्यांची असावी. मोठी इंजिनं आधी, कारण त्यांच्या मालकाला खर्च झेपतो. मधली वर्षभराने.

पुढचा नंबर ट्रॅक्टरचा

जनरेटरमध्ये जे झालं त्याची मोठी आवृत्ती ट्रॅक्टरमध्ये येते आहे. ट्रॅक्टरच्या पाचव्या टप्प्याची, म्हणजे ट्रेम-५ ची तारीख एप्रिल २०२४ वरून एप्रिल २०२६ वर नेण्यात आली होती. भारतात विकले जाणारे बहुतांश ट्रॅक्टर ५० एचपीच्या खालचे आहेत, आणि ते चौथ्या टप्प्यात आलेच नव्हते. म्हणजे त्या वेळापत्रकानुसार ही इंजिनं ३-ए वरून सरळ पाचव्या टप्प्यावर जायची होती.

इथे गिऱ्हाईक सोसायटी नाही. एकदा घेतलेला ट्रॅक्टर पंधरा-वीस वर्षं वापरणारा शेतकरी आहे. त्याला जुन्या मॉडेलचे पार्ट तोपर्यंत मिळायला हवेत, आणि नव्याचा ईसीयू हंगामात बंद पडला तर दोन दिवसांत माणूस यायला हवा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'राइट टू रिपेअर' पोर्टलमध्ये चार क्षेत्रं आहेत, त्यात शेतीची अवजारं आहेत. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तिथे द्यावी अशी अपेक्षा आहे. लॅपटॉपशिवाय न उघडणाऱ्या इंजिनाची कुठली माहिती गावातल्या मेकॅनिकला मिळणार आणि कुठली फक्त कंपनीच्या माणसाकडे राहणार, हे नवं मॉडेल गावात पोचण्याआधीच ठरायला हवं.